जनमत चाचणी: आतला माल बरा, वेष्टन फसवं

निवडणूक जाहीर झाली की हे उत्पादन न मागवता घरात येतं. आधी टीव्हीच्या पडद्यावर, मग वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर, मग कापून-छाटून फोनवरच्या गटागटांत. पैसे पडत नाहीत, म्हणून कुणी तपासून घेत नाही. कपबशी घेताना आपण ती नखानं वाजवून पाहतो. 'अमुक पक्षाला इतक्या जागा' हे मात्र जसंच्या तसं उचलून पुढच्याला देतो. तेव्हा एखाद्या उपकरणाचं करतात तसं या मालाचं परीक्षण करायला हवं: आत काय आहे, किती अचूक चालतं, कुठे बिघडतं आणि वापरणाऱ्याला त्याचा काय त्रास होतो.

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच. मतांची टक्केवारी आणि तिचा चढउतार मोजायला हे साधन बऱ्यापैकी चांगलं आहे. जागा सांगायला कच्चं आहे. मतदारावर जो परिणाम होतो, त्यात मोजणीपेक्षा मोजणी गुंडाळून देणाऱ्या कागदाचा वाटा मोठा आहे.

पेटीत काय मिळतं

चांगल्या चाचणीबरोबर माहितीपत्रक येतं. चाचणी कुणी केली, पैसे कुणी दिले, मुलाखती कोणत्या तारखांना झाल्या, किती जणांशी बोलणं झालं, ते फोनवर झालं की घरी जाऊन की ऑनलाइन पॅनेलवर, प्रश्नाचे नेमके शब्द काय होते, आकड्यांना कशाकशाचा भार दिला आणि 'अजून ठरवलं नाही' म्हणणाऱ्यांचं काय केलं, एवढं त्यात हवं. ब्रिटिश पोलिंग कौन्सिल या चाचणी-संस्थांच्या संघटनेच्या सदस्यांना चाचणी प्रसिद्ध झाल्यापासून कामाच्या दोन दिवसांत सविस्तर तक्ते खुले करावे लागतात. प्रेक्षकापर्यंत पोचेपर्यंत मात्र हे पत्रक गळून पडलेलं असतं. उरतात रंगीत पट्ट्या, मोठ्या टायपातला आकडा आणि कोपऱ्यात, चष्मा लावूनही न वाचता येणाऱ्या अक्षरांत, नमुन्याचा आकार.

शितावरून भाताची परीक्षा हेच या धंद्याचं भांडवल. शीत कुठल्याही थरातलं हाती येऊ शकेल अशी सोय असली तर परीक्षा जमते. वरचंच शीत पुन्हा पुन्हा उचललं तर तळाचा करपलेला थर कळत नाही. हजार जणांचा खराखुरा यादृच्छिक नमुना घेतला तर ९५ टक्के खात्रीनं चूक ३ टक्क्यांच्या आसपास राहते, वर किंवा खाली. ४०० जणांत ती ५ टक्के, २,५०० जणांत २ टक्के आणि १०,००० जणांत १ टक्का. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो आणि खर्चही जवळपास तसाच वाढतो, म्हणून पुष्कळ संस्था हजार-दीड हजारांवर थांबतात. देश लहान की अवाढव्य, याचा या गणिताशी जवळजवळ संबंध नाही. 'एवढ्या कोटींच्या देशात हजार माणसं विचारून काय कळणार' हा आक्षेप दर निवडणुकीत ऐकू येतो, आणि तो चुकीचा आहे.

बरोबर आक्षेप दुसरेच आहेत. छापलेली तीन टक्क्यांची मर्यादा एका पक्षाच्या आकड्याची असते, दोन पक्षांतल्या अंतराची नसते. हजार जणांच्या चाचणीत एक पक्ष ४२ वर आणि दुसरा ३९ वर असेल, तर त्या ३ टक्क्यांच्या आघाडीवर चुकीची मुभा जवळजवळ साडेपाच टक्के होते. म्हणजे मागचा प्रत्यक्षात पुढेही असू शकतो. गेल्या महिन्यात ४२ होते आणि आता ४० झाले, तर या 'घसरणी'वर मुभा सव्वाचार टक्क्यांची. दोन टक्क्यांच्या बदलावर अर्धा तास चर्चा रंगवणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. ते सांगितलं तर चर्चेला विषय उरत नाही. एखाद्या चाचणीतल्या फक्त तरुणांचा किंवा फक्त एका प्रांताचा आकडा दाखवला जातो, तेव्हा त्या तुकड्यात बहुधा शे-दीडशे माणसं असतात. १५० माणसांवर चूक ८ टक्के.

शिवाय ही सगळी फक्त नमुन्याच्या नशिबाची चूक. अमेरिकेतल्या चार हजारांहून अधिक चाचण्या प्रत्यक्ष निकालांशी ताडून पाहणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात खरी चूक छापलेल्या मर्यादेच्या साधारण दुप्पट निघाली. तेव्हा पडद्यावर '३ टक्के' दिसलं की मनात सहा धरावं. हा एकच नियम पाळला तरी अर्ध्या ठळक बातम्या विरघळून जातात.

कुठे बिघडतं

नमुना मोठा म्हणजे चाचणी पक्की, ही समजूत १९३६ मध्येच मोडीत निघाली. 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकानं सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. तेवीस-चोवीस लाख परत आल्या. त्यांच्या आधारे अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार असं छापलं. अध्यक्ष रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून आले. याद्या बऱ्याच अंशी टेलिफोनधारक आणि मोटारमालकांच्या होत्या, आणि मंदीच्या काळात ही दोन्ही खात्यापित्या घरांची लक्षणं. त्याहून मोठी गोची म्हणजे परत पाठवणारे आणि न पाठवणारे यांची मतंच वेगळी होती. चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याच वेळी त्याच्या एका छोट्या अंशाएवढ्या नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला. दोन वर्षांत साप्ताहिक बंद पडलं.

मग १९४८ मध्ये गॅलपही घसरले. अध्यक्षीय निवडणुकीच्या त्यांच्या शेवटच्या अंदाजात ड्यूई साडेएकोणपन्नास आणि ट्रूमन साडेचव्वेचाळीस टक्क्यांवर होते; निकाल जवळजवळ याच्या उलट लागला. कारणं दोन. मुलाखतकाराला 'इतके पुरुष, इतक्या बायका, इतके कामगार' असा कोटा दिलेला असे, पण कोट्यातली नेमकी माणसं निवडायची त्याला मोकळीक होती. माणूस साहजिकच नीटनेटक्या वस्तीतलं, बोलायला तयार असलेलं दार ठोठावतो. दुसरं, मुलाखती लवकर थांबवल्या. दुसरे चाचणीकार रोपर यांनी तर सप्टेंबरातच 'आता काही बदलत नाही' म्हणून आकडे देणं बंद केलं होतं. शेवटच्या पंधरवड्यात मन बनवणाऱ्यांना कुणी विचारलंच नाही.

हे दोन्ही बिघाड आजही तसेच होतात, फक्त कपडे बदलून. टेलिफोनचंच घ्या. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेच्या फोन-चाचण्यांना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद मिळत असे; २०१८ मध्ये तो ६ टक्क्यांवर आला. शंभर जणांना गाठायचा प्रयत्न केला तर चौऱ्याण्णव हाती लागत नाहीत. उरलेले सहा राजकारणात जास्त रस असणारे, जास्त शिकलेले किंवा नुसते जास्त मोकळे वेळ असणारे निघाले, तर सगळा हिशेब वाकडा होतो. ऑनलाइन पॅनेलची अडचण निराळी: तिथे माणूस स्वतःहून नाव नोंदवतो. घरोघरीच्या चाचणीत बंद दाराऐवजी शेजारचं दार ठोठावलं जातं. दिवसा कामावर जाणारे गळतात. प्रश्न विचारताना चार शेजारी गोळा होतात आणि उत्तर माणसाचं न राहता गर्दीचं होतं. यावर जुना, स्वस्त आणि उत्तम उपाय आहे: तोंडी उत्तर घेऊ नका, नकली मतपत्रिका द्या, घडी घालून पेटीत टाकायला सांगा. पत्त्यांची निवडही मुलाखतकारावर न सोपवता मतदार यादीतून ठरावीक अंतरानं काढलेल्या नावांवर व्हावी. 'नावं यादीतून, मत पेटीतून' एवढं जिथे लिहिलेलं दिसेल, तिथे काम नीट झालं असण्याची शक्यता बरीच वाढते.

वाकडा नमुना सरळ करायला भार देतात. नमुन्यात स्त्रिया ४० टक्केच आल्या आणि मतदारांत ५० टक्के असल्या तर प्रत्येक स्त्रीचं उत्तर सव्वापट मोजायचं. पद्धत रास्त आहे, पण कशाकशावर भार द्यायचा हा निर्णय माणसाचा असतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक राज्यस्तरीय चाचण्यांनी शिक्षणावर भार दिला नव्हता. कमी शिकलेले गोरे मतदार नमुन्यात कमी आले, त्यांचा कौल ट्रम्प यांच्याकडे झुकला, आणि विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया ही राज्यं अंदाजाविरुद्ध त्यांच्याकडे गेल्यावर कारण सापडलं. देशपातळीवरची मतं मात्र चाचण्यांनी फारशी चुकवली नव्हती. त्याच वर्षी 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या सुमारे तीन हजारांच्या पॅनेलमध्ये एकोणीस वर्षांच्या एका तरुणाला सरासरी सदस्याच्या तीसपट भार मिळाला होता. त्यानं उत्तर दिलं त्या आठवड्यात आलेख हले. भार देताना कमाल मर्यादा घातली नाही की एक शीत अख्ख्या हंडीची चव ठरवतं.

निर्णयाचा वाटा किती, याचा सर्वांत सुरेख पुरावा त्याच वर्षीच्या सप्टेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'नं दिला. फ्लोरिडातल्या ८६७ मुलाखतींची कच्ची माहिती त्यांनी चार नामवंत तज्ज्ञ गटांना दिली आणि स्वतःही हिशेब केला. माहिती तीच, माणसं तीच. उत्तरं आली हिलरी क्लिंटन चारनं पुढे इथपासून ट्रम्प एकनं पुढे इथपर्यंत. पाच टक्क्यांचा फरक, आणि त्यात नमुन्याच्या चुकीचा कणही नाही. भार कसा द्यायचा आणि 'मतदानाला नक्की जाणार कोण' हे ठरवण्याची ज्याची त्याची रीत वेगळी, एवढंच कारण. हा प्रयोग प्रत्येक वाहिनीनं दर निवडणुकीत एकदा करून दाखवावा. करणार नाहीत.

प्रश्नाची भाषाही काम बिघडवते. आधी महागाईवर तीन प्रश्न विचारून मग 'मत कुणाला' विचारलं तर सत्ताधाऱ्यांचा आकडा खाली यायची शक्यता असते. आधी देशाच्या सुरक्षेवर विचारलं तर वर. 'पुश पोल' नावाचा प्रकार तर चाचणीच नव्हे: 'अमुक उमेदवारावर खटला आहे असं कळलं तर तुम्ही त्याला मत द्याल का' असं हजारो लोकांना फोन करून विचारायचं. उत्तर कुणी मोजत नाही. प्रश्न पेरणं हाच उद्देश. ओळखायची खूण अशी की फोन मिनिटभरात संपतो आणि वय, शिक्षण काहीच विचारलं जात नाही.

शेवटचा बिघाड कळपाचा. सगळे ३५ सांगत असताना आपला आकडा ४१ आला तर संस्था घाबरते, भार पुन्हा तपासते आणि ३७ छापते. २०१५ च्या ब्रिटिश निवडणुकीत चाचण्यांनी बरोबरी दाखवली आणि हुजूर पक्ष साडेसहा टक्क्यांनी पुढे निघाला. पॅट्रिक स्टर्जिस यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीनं मुख्य दोष प्रातिनिधिक नसलेल्या नमुन्यांवर ठेवला, पण शेवटच्या दिवसांत आकडे संशयास्पद रीतीनं एकमेकांजवळ आल्याचंही नोंदवलं. दहा चाचण्या एकच सांगतात म्हणून विश्वास वाढवू नये. त्या नैसर्गिकरीत्या जितक्या विखुरल्या पाहिजेत तितक्या विखुरलेल्या नसतील, तर उलट शंका घ्यावी.

जागांचं यंत्र

मतांवरून जागा काढणं हा या उत्पादनाचा सर्वांत दुबळा भाग, आणि विकला जातो तोच. जिथे सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो तिथे थोड्या मतांनी जागांचा डोंगर हलतो. भारतात भाजपला २०१९ मध्ये सुमारे ३७ टक्के मतांवर ३०३ जागा मिळाल्या. २०२४ मध्ये साडेछत्तीसच्या आसपास मतांवर २४०. टक्काभरही मतं कमी झाली नाहीत आणि ६३ जागा गेल्या. ब्रिटनमध्ये मजूर पक्षानं २०२४ मध्ये ३४ टक्क्यांहून कमी मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळवल्या. विरोधी मतं फुटली की एकवटली, कुठली मतं कुठे साचली, यावर सगळं ठरतं. निवडणूक-अभ्यासक डेव्हिड बटलर, अशोक लाहिरी आणि प्रणय रॉय यांनी विरोधकांच्या एकीचा निर्देशांक काढला तो याचसाठी. मतांच्या अंदाजात ३ टक्क्यांची चूक गृहीत असताना 'जागा २९८' असं नेमकं सांगणं म्हणजे वाणसामानाच्या तराजूवर सोनं तोलणं. जागांचा आकडा द्यायचाच तर पल्ला द्यावा. तो पल्ला इतका रुंद निघतो की पडद्यावर शोभत नाही, ही खरी अडचण.

एक्झिट पोल

मतदान करून बाहेर पडणाऱ्याला विचारणारी ही आवृत्ती तत्त्वतः चांगली: 'मत द्यायला जाणार का' ही अनिश्चितता इथे संपलेली असते. नीट केली तर काय होऊ शकतं ते ब्रिटनमधली बीबीसी, आयटीव्ही आणि स्काय यांची एकत्रित चाचणी दाखवते. १३० ते १४५ मतदान केंद्रं निवडतात, शक्यतो मागच्याच निवडणुकीतली. वीस हजारांच्या आसपास मतदार नकली मतपत्रिका भरून पेटीत टाकतात. मग त्या केंद्रावर गेल्या वेळेपेक्षा किती बदल झाला एवढंच मोजतात आणि तो बदल इतर मतदारसंघांना त्यांच्या स्वभावानुसार लावतात. थेट पातळी मोजायच्या भानगडीत पडत नाहीत, हे यशाचं गुपित. २००५ मध्ये मजूर पक्षाच्या ६६ जागांच्या बहुमताचा अंदाज तंतोतंत उतरला. २०१९ मध्ये हुजूर पक्षाला ३६८ सांगितल्या, ३६५ आल्या. २०२४ मध्ये मजूर पक्षाला ४१० सांगितल्या. तरी त्याच २०२४ मध्ये रिफॉर्म पक्षाला १३ सांगून ५ आल्या. जुना आधार नसलेल्या नव्या पक्षापुढे हे यंत्रही अडखळतं.

मतदारसंघ प्रचंड, पक्ष पुष्कळ आणि आघाड्या दर वेळी नव्या असल्या की काम फारच अवघड होतं. भारतात २००४ मध्ये वाहिन्यांनी रालोआला साधारण २३० ते २७५ जागा दिल्या. १९० सुद्धा मिळाल्या नाहीत. २०२४ मध्ये बऱ्याच चाचण्या ३५० च्या पुढे गेल्या, काही ४०० पर्यंत पोचल्या, आल्या २९३. अंदाज जाहीर झाल्यावर ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला आणि ४ जूनला मोजणीच्या दिवशी जवळजवळ ४,४०० अंशांनी कोसळला. मतदान तर संपलं होतं. तरीही आकड्यानं लोकांचे खिसे हलवले. मतदानाआधी तो काय काय हलवत असेल, याचा अंदाज यावरून करावा.

दुष्परिणाम

चाचणी पाहून माणूस मत बदलतो का? थोडे बदलतात, आणि दोन्ही दिशांनी. उगवत्या सूर्याला नमस्कार करणारे असतात, तसे हरणाऱ्याची बाजू घेणारेही. हे दोघे एकमेकांना बरेचसे कापतात, म्हणून 'चाचण्यांनी निवडणूक फिरवली' हा पराभूत पक्षाचा ठरलेला आरोप सिद्ध करणं कठीण. परिणाम शोधायचा तर तो इतरत्र, जास्त ठोस ठिकाणी सापडतो.

पहिलं ठिकाण मतदानाचा टक्का. फ्रान्सच्या काही सागरापारच्या प्रदेशांत वेळेच्या फरकामुळे लोक मत द्यायला जात तोवर मुख्य भूमीचे एक्झिट पोल जाहीर झालेले असत. नंतर कायदा बदलून तिथे मतदान शनिवारी, म्हणजे आधी, घेऊ लागले. आधीच्या आणि नंतरच्या निवडणुका ताडल्या तेव्हा दिसलं की निकाल ठाऊक असल्यानं मतदान सुमारे ११ टक्क्यांनी घटत होतं, आणि जिंकणाऱ्याकडे झुकण्याचं प्रमाण वाढत होतं. अमेरिकेत १९८० मध्ये एनबीसी वाहिनीनं पूर्वेच्या घड्याळात रात्री सव्वाआठला रेगन विजयी जाहीर केले. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सव्वापाच वाजले होते आणि केंद्रं उघडी होती. प्रतिस्पर्धी कार्टर यांनी ती बंद व्हायच्या आत पराभव मान्यही केला.

'जिंकण्याची शक्यता इतके टक्के' ही नवी आवृत्ती याच कारणासाठी जास्त जपून वापरावी. ५२ टक्के मतं आणि ८५ टक्के शक्यता या दोन गोष्टी एकाच स्थितीचं वर्णन असू शकतात. लोक दुसरा आकडा पहिल्यासारखा वाचतात आणि निवडणूक एकतर्फी समजतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असा आकडा दाखवल्यावर लोकांची मत देण्याची इच्छा कमी होताना दिसली. २०१६ मध्ये काही भाकीतकारांनी क्लिंटन यांना ९८-९९ टक्के दिले होते. फाइव्हथर्टीएट या भाकितांच्या संकेतस्थळानं ट्रम्प यांना २९ टक्के दिले आणि त्यासाठी टीका झेलली. २९ टक्के म्हणजे तीनातून जवळजवळ एकदा. अशा गोष्टी रोज घडतात.

दुसरं ठिकाण डावपेचाचं मत. इथे चाचणी मतदाराच्या खरंच उपयोगी पडते. जर्मनीत विधिमंडळात यायला ५ टक्के मतं लागतात. जानेवारी २०१३ मध्ये लोअर सॅक्सनी राज्यात एफडीपी पक्ष चाचण्यांत या उंबरठ्यावर लटकत होता. मित्रपक्ष बुडू नये म्हणून सीडीयूच्या मतदारांनी त्याला मतं उसनी दिली आणि तो ९.९ टक्क्यांवर गेला. मदत इतकी सढळ झाली की आघाडीची सत्ता तरीही थोडक्यात हुकली. उंबरठ्यापाशी किती जण किती धावतील, हे चाचणी सांगत नाही.

तिसरं, आणि सर्वांत कमी बोललं जाणारं ठिकाण: चाचणी मतदारापर्यंत पोचण्याआधीच त्याच्यापुढचे पर्याय छाटते. देणगीदार, कार्यकर्ते, आघाडीची बोलणी, वाहिनीवर कुणाला किती वेळ, हे सगळं आकडा पाहून ठरतं. ऑगस्ट २०१५ मध्ये रिपब्लिकन उमेदवारांच्या पहिल्या वादसभेसाठी फॉक्स न्यूजनं पाच चाचण्यांच्या सरासरीतले पहिले दहा घेतले. बाकीच्यांना संध्याकाळच्या दुय्यम सभेत बसवलं. दहावा आणि अकरावा यांच्यातलं अंतर चुकीच्या मर्यादेच्या कितीतरी आत होतं. असा उमेदवार 'लढतीत नाही' असं लोकांना वाटू लागतं, आणि पुढच्या चाचणीत तो खरंच नसतो.

वेष्टनाचा कारखाना

माध्यमं मतदाराला विचार काय करायचा हे फारसं शिकवू शकत नाहीत. १९४० मध्ये ओहायोतल्या ईरी काउंटीत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी त्याच त्याच लोकांना महिन्यामागून महिना विचारलं, तेव्हा पक्ष बदलणारे थोडेच निघाले. वर्तमानपत्र-रेडिओपेक्षा जवळच्या माणसाचं बोलणं भारी पडत होतं. पण विचार कशाबद्दल करायचा हे माध्यमं ठरवतात. १९६८ मध्ये चॅपेल हिलला मॅकोम्ब्स आणि शॉ या अभ्यासकांनी कुंपणावरच्या १०० मतदारांना महत्त्वाचे प्रश्न विचारले. बातम्यांतला क्रम आणि त्यांचा क्रम विलक्षण जुळला. थेट ढकलण्याचं मोजमाप करायचं तर २००७ चा फॉक्स न्यूजवरचा अभ्यास आहे: ज्या गावांत ती वाहिनी केबलवर पोचली तिथे २००० पर्यंत रिपब्लिकन मतं ०.४ ते ०.७ टक्क्यांनी वाढली. आकडा चिमुकला वाटतो. २००० मध्येच फ्लोरिडात अध्यक्षपदाचा फैसला ५३७ मतांवर झाला.

जनमत चाचणी या कारखान्यात पडली की विषयांची जागा शर्यत घेते. पाणी, नोकऱ्या, शाळा यांवर बातमी करायला माणूस पाठवावा लागतो. 'कोण पुढे' ही बातमी ईमेलनं तयार येते. त्यातही निवड उलटी होते. नऊ चाचण्या स्थिर आणि दहावी भलतीच असेल तर ठळक मथळा दहावीला, कारण तीच 'बातमी'. म्हणजे सर्वांत चुकीची असण्याची शक्यता असलेली चाचणी सर्वांत जास्त लोक पाहतात. शब्दांवर लक्ष ठेवा: एका टक्क्याच्या फरकाला 'मुसंडी', दोनला 'जोरदार धक्का', चारला 'लाट'.

यावर बऱ्याच देशांनी बंदीचं झाकण लावून पाहिलं आहे. भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाहीत. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत इलेक्ट्रॉनिक माध्यमांना जनमत चाचणीही दाखवता येत नाही. इटलीत शेवटचे १५ दिवस, स्पेनमध्ये ५, फ्रान्समध्ये आदला दिवस आणि मतदानाचा दिवस. झाकणाखालून वाफ निघतेच. स्पेनची बंदी सुरू झाली की शेजारच्या अँडोरातलं एक वर्तमानपत्र पक्षांच्या रंगांची फळं-भाज्या घेऊन 'बाजारभाव' छापतं. इटलीत घोड्यांच्या शर्यतींचे निकाल निघतात. पक्ष आणि सट्टेबाज खासगी चाचण्या पाहतच असतात, अंधारात राहतो तो फक्त मतदार. आमच्या मते छोटी बंदी ठीक, पंधरा दिवसांची निरर्थक. माहितीपत्रक छापल्याशिवाय आकडा दाखवायला मनाई केली तर जास्त उपयोग होईल.

वापरायचं कसं

एकटी चाचणी घेऊ नका. त्याच संस्थेच्या, त्याच पद्धतीच्या मागच्या दोन-तीन चाचण्यांशेजारी ठेवा. निरनिराळ्या संस्थांचे आकडे ओळीनं लावून 'वाढ' काढू नका. तो बदल लोकांचा नसून पद्धतीचा असू शकतो. मथळ्यावरची तारीख सोडा, मुलाखतींची पाहा. दहा दिवसांपूर्वीच्या मुलाखती कालच्या मोठ्या घटनेबद्दल काही सांगत नाहीत. सरासरी काढलेली असेल तर एकेरी चाचणीपेक्षा बरी, पण सगळे एकाच बाजूला चुकले असतील तर सरासरीही तिथेच चुकते. अमेरिकेत २०२० मध्ये तसं झालं. राष्ट्रीय चाचण्यांची चूक चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी ठरली. संकेतस्थळावर बोट टेकवून मत नोंदवायच्या 'पोल'ला पाचपैकी शून्य, लाखांनी मतं पडली तरी.

जागांचा तक्ता झाकून फक्त मतांची टक्केवारी वाचा. ती दिलेलीच नसेल तर संस्थेनं जागा कशावरून काढल्या हे विचारायला वावच राहत नाही, तेव्हा वाहिनी बदला. टक्केवारी असेल तर सगळ्या पक्षांची बेरीज करा. 'इतर' धरून बरोबर शंभर भरले तर न ठरवलेल्यांना आधीच कुठेतरी वाटून टाकलेलं आहे. कसं, ते तळटिपेत शोधा. बेरीज ८८ भरली आणि आघाडी ४ ची असली, तर कुंपणावर बसलेले १२ अजून खाली उतरलेले नाहीत.